फोटूत मानूस कुठी हाय?

पीट मोंद्रियान या डच चित्रकाराला हिरवा रंग सहन होत नसे. पॅरिसच्या त्याच्या स्टुडिओत एक कृत्रिम ट्यूलिप असायचा आणि त्याचं पानसुद्धा त्यानं पांढऱ्या रंगानं झाकून टाकलं होतं. कुणाकडे जेवायला गेला तर खिडकीबाहेरची झाडं दिसू नयेत म्हणून तो तिकडे पाठ करून बसायचा, असं त्याच्या ओळखीचे लोक सांगत. अशा माणसानं पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क अशी वणवण का केली कळत नाही. त्यानं सरळ मे महिन्यात अकोल्याला यायचं होतं. स्टेशनाबाहेर पडल्यावर नजर जाईल तिथपर्यंत हिरवं पान दिसलं असतं तर आम्ही तिकिटाचे पैसे परत केले असते. (मोर्णा नदीतली जलकुंभी धरायची नाही. पुलावरून जाताना त्यानं मान वळवून घेतली असती.) लाल, पिवळा, निळा आणि जोडीला काळा, पांढरा, राखाडी, एवढेच रंग त्याला चालत. पैकी पिवळा आमच्याकडे मार्चपासून आभाळातून फुकट पडतो. पंचाईत झाली असती ती पुढे अमरावती जिल्ह्यात. वरुड-मोर्शीचं संत्रं केशरी, म्हणजे लाल-पिवळ्याच्या मिसळीतून झालेला दुय्यम रंग. तत्त्वात बसत नाही. अर्थात, एक फोड तोंडात गेल्यावर तत्त्व किती वेळ टिकलं असतं, हा प्रश्न वेगळा.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे मला लागलेला नाद. इमारतींचे असे फोटो काढायचे की ते इमारतीचे वाटूच नयेत, मोंद्रियान किंवा मालेविचच्या घराण्यातलं एखादं भौमितिक चित्र वाटावं. आकाश नको, जमीन नको, दुकानाची पाटी नको, विजेची तार आलीच तर ती सरळ असावी. भिंतीचा एक तुकडा, त्यावर एक सावली, कडेला निळी पट्टी, संपला फोटो. ऐकायला हे काम आळशी माणसाचं वाटतं. तसं ते आहेही, फक्त ते वऱ्हाडात करायला गेलं की त्यात अंगमेहनत आणि जनसंपर्क हे दोन विषय वाढतात.

आपल्याकडे या नजरेनं सर्वांत चांगलं काम केलं ते नसरीन मोहमदी यांनी. जन्म १९३७ चा, कराचीतला. वाढल्या मुंबईत, शिकवलं बडोद्याच्या कलाशाळेत आणि १९९० साली वारल्या अलिबागजवळच्या किहीमला. शाई-पेन्सिलीनं आणि पट्टीनं काढलेल्या बारीक रेघांच्या चित्रांसाठी जग त्यांना ओळखतं. पण त्याच डोळ्यांनी त्यांनी फत्तेपूर सिक्रीचे चौथरे, रस्त्यावरचे पट्टे, मागावर ताणलेले धागे यांचे कृष्णधवल फोटोही काढले. आणि ते हयातीत कधी प्रदर्शनात मांडले नाहीत! या संयमापुढे मी हात टेकतो. आमच्याकडे माणूस पाटोडीच्या रश्शाचा फोटो काढतो तेव्हा तो चार गटांवर पोचेपर्यंत रस्सा निवून जातो.

अमूर्ताशी विदर्भाचं तसं घरचं नातं आहे. वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले. सय्यद हैदर रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकले आणि मग मुंबईला जे. जे. मध्ये गेले. रझांची गोष्ट प्रसिद्धच आहे: लहानपणी मन चंचल म्हणून शाळेच्या हेडमास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याच्याकडे बघत बसायला लावलं, आणि पुढे त्या बिंदूवर रझांनी आयुष्य काढलं. वऱ्हाडातल्या भिंतींवरही असे बिंदू भरपूर आहेत. फरक एवढाच की ते कॅलेंडरच्या खिळ्यांचे आहेत आणि त्याखाली प्लास्टरचं टवकं उडालेलं असतं.

टवकं मला आधी दिसत नसे. ते दाखवलं माझ्या अकोल्याच्या साडभाऊंनी. साडभाऊ सरकारी नोकरीत ओव्हरसियर होते. निवृत्त झाले पण डोळा निवृत्त झाला नाही. लग्नाच्या मांडवात उभे असले तरी खांबाला ओळंबा लावल्यासारखं बघतात. अशा फोटोंचा पहिला नियम म्हणजे भिंतीसमोर अगदी काटकोनात उभं राहायचं. कॅमेरा जरासा वर उचलला की उभ्या रेघा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात आणि चांगली उभी इमारत मागं कलंडल्यासारखी दिसते. त्यावर उपाय दोन: महागडी शिफ्ट लेन्स घ्यायची, नाहीतर लांब जाऊन मोठ्या झूमनं मधला भाग उचलायचा. पहिला उपाय घरात सांगण्यासारखा नाही. दुसऱ्यासाठी मागं सरकायला जागा लागते. जुन्या अमरावतीच्या गल्लीत मी मागं सरकलो की तिसऱ्या पावलाला समोरच्याच्या ओट्यावर जाऊन बसतो, चौथ्याला चहा येतो.

बरं, एवढं करून मी काटकोनात उभा राहिलो तरी भिंत काटकोनात कुठं असते? फोटोतली खिडकी वाकडी दिसते म्हणून मी लेन्सला दोष देत होतो. साडभाऊंनी मोबाइल हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "लेन्सले काहून बोलता? गवंड्यानं गुण्या लावलाच नायी. चौकट बसवताना मालक वर येऊन उभा राह्यला असीन, 'लवकर आटप' म्हणत." मी त्यांना दुसरा फोटो दाखवला. पांढरी भिंत, तिच्यावर करड्या रंगाचा तिरपा त्रिकोण, खाली गंजासारखी एक लाल-तपकिरी उभी रेघ. मला स्वतःला तो फार आवडला होता. म्हटलं, यात एक तणाव आहे.

"तनाव नायी, साडभाऊ, ओल हाय," ते म्हणाले. "टाकीचा ओव्हरफ्लो हाय तो. वाटरप्रूफिंग केलंच नायी. दोन पावसाळ्यांत हा स्लॅब खाली येते, पाहून घ्या."

मी मालेविचकडे वळलो. काझिमिर मालेविचनं १९१५ साली पेत्रोग्राडच्या प्रदर्शनात आपला 'काळा चौकोन' टांगला तो खोलीच्या कोपऱ्यात, वर, छताला लागून. रशियन घरात त्या कोपऱ्यात देवाच्या तसबिरी असतात. पांढऱ्या कॅनव्हासवर एक काळा चौकोन, आणि तो देवाच्या जागी! केवढा गदारोळ झाला. वऱ्हाडात कुणाला याचं नवल वाटणार नाही. आमच्या प्रत्येक घरात खिडकीच्या जागी एक चौकोन टांगलेला आहे आणि मार्च ते जून त्याचीच पूजा चालते. त्याचं नाव कूलर.

कूलरवर जितकं लिहावं तितकं थोडं आहे. टिनाचा चौकोनी डबा, तीन बाजूंना जाळी, जाळीत गवत, आत पंप आणि पंखा. लोखंडी अँगलवर खिडकीबाहेर बसवलेला. होळी झाली की घरातला कर्ता पुरुष बनियनवर त्याच्या सेवेला लागतो. जुनं, कुजकं गवत काढायचं, नवं भरायचं, तळाचा गंज खरवडायचा, पंप चालतो का ते बादलीत बुडवून बघायचं. मग रोज सकाळी पाणी. घरात प्यायच्या पाण्याची मारामार असली तरी कूलरची टाकी कोरडी राहत नाही. पाहुणा किती मानाचा आहे हे त्याला कूलरपासून किती फुटांवर बसवलं यावरून कळतं. जावई थेट झोतात, व्याही अर्धवट झोतात, मुलीसाठी स्थळ सुचवायला आलेला मध्यस्थ सुरुवातीला लांब आणि पगाराचा आकडा सांगितल्यावर जवळ.

बाहेरून मात्र हाच कूलर निव्वळ आकार आहे. चार मजली फ्लॅटची पश्चिमेकडची बाजू घ्या: एका रांगेत निळे, करडे, मळकट पांढरे चौकोन, प्रत्येकात गवताचा आणखी एक पिवळसर चौकोन. चौकोनात चौकोन काढण्यावर योझेफ आल्बर्सनं १९५० पासून पुढं पाव शतक घालवलं. शेकडो चित्रं केली, सगळी 'चौकोनाला अभिवादन' या एकाच नावाची. आमच्या इमारतीनं ते काम एका उन्हाळ्यात उरकलेलं असतं, वर प्रत्येक चौकोनाखाली गळणाऱ्या पाण्याचा उभा ओघळ फुकट. मी त्या ओघळांवर खूश असतो. साडभाऊ त्यांच्याकडे बघून जिभेनं च्‌च्‌ करतात.

पुढे २०१५ साली मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत मालेविचच्या काळ्या चौकोनाची क्ष-किरणांनी तपासणी झाली तेव्हा त्याच्याखाली दोन रंगीत चित्रं दडलेली निघाली. जगभरात बातम्या झाल्या. साडभाऊंना सांगितल्यावर ते म्हणाले, "त्याले मशीन कायले पायजे?" आणि अकोल्यातल्या एका भिंतीसमोर मला उभं करून बोटानं थर वाचायला लागले. वर अलीकडचा पोपटी डिस्टेंपर. पोपटी उडाला तिथे बियाण्याच्या कंपनीची जाहिरात, तिच्याखाली कुठल्याशा निवडणुकीतलं चिन्ह, त्याच्याखाली चुना आणि चुन्याखाली नीळ जास्त झालेला आणखी एक चुना. "हा निळा लग्नाचा हाय," म्हणाले. "मोठ्या पोरीच्या लग्नात मारला असीन. घाईत मारला, पाय, फटकारे दिसून राह्यले."

आता उजेडाचं. सावली हा या फोटोंचा प्राण. सूर्य खाली असला की साध्या छज्ज्याचीही लांब, धारदार सावली पडते आणि भिंत जिवंत होते. म्हणून जगभर हे लोक पहाटे आणि संध्याकाळी बाहेर पडतात. वऱ्हाडात मे महिन्यात सकाळी आठनंतर कॅमेऱ्यापेक्षा माणूस जास्त तापतो, आणि मोबाइल असेल तर तो 'तापमान जास्त आहे' असं सांगून स्वतःच बंद पडतो. त्या बाबतीत तो माझ्यापेक्षा शहाणा. मी डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा अशा वेषात दुपारपर्यंत तग धरतो. पण दुपारी सावलीच संपते. मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात अकोल्यात आणि दोन-एक दिवसांनी अमरावतीत सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो. शाळेची पोरं मैदानात बाटली उभी करून शून्य सावली बघतात. आता गंमत अशी की मोंद्रियान आणि त्याचा सहकारी थिओ व्हान डूसबर्ग यांचं फाटलं ते तिरप्या रेघेवरून. मोंद्रियानला फक्त आडवी आणि उभी रेघ मान्य. व्हान डूसबर्गनं तिरपी घुसवली आणि मोंद्रियाननं 'द स्टाइल' हा गटच सोडला. शून्य सावलीच्या दिवशी वऱ्हाडातल्या भिंतींवरून सगळ्या तिरप्या रेघा आपोआप गायब होतात. मोंद्रियानचा हा विजयदिन बघायला रस्त्यावर कुत्रंही नसतं.

कुत्रं नसतं, पण माणूस असतो. खरी अडचण इथून सुरू होते.

अमरावतीचा परकोट काळ्या दगडाचा. पेंढाऱ्यांपासून शहरातल्या सावकार-व्यापाऱ्यांना वाचवायला निजामाच्या राजवटीत १८०७ साली तो बांधायला घेतला. पाच दरवाजे, चार खिडक्या. दगडांचे थर, मधल्या चुन्याच्या दरजा, बुरुजाची वळण घेणारी कड, एवढं घेऊन जवाहर गेटच्या आसपास उत्तम फोटो होतात. लुटारूंच्या भीतीनं ज्या गावानं सव्वादोन मैलांची भिंत घातली त्या गावात, तोंडाला दुपट्टा गुंडाळून, कुणाच्यातरी घराच्या भिंतीकडे एक डोळा मिटून बघत उभं राहायचं, याचा परिणाम काय होतो ते सांगायला नको.

परकोटाला लागून असलेल्या एका गल्लीत एका घराची भिंत होती. खाली गेरूचा पट्टा, वर पिवळा रंग, मधोमध बंद केलेल्या खिडकीचा निळा आयत. मोंद्रियानचे तिन्ही रंग, एकाच भिंतीवर, स्वखर्चानं. मी कॅमेरा लावला तोच दारात एक काकू आल्या.

"कोन हो तुम्ही? टॅक्सवाले का?"

"नाही काकू."

"मंग अतिक्रमनवाले? हा ओटा आमच्या सासऱ्याच्या टायमाचा हाय, सांगून ठेवतो."

"नाही हो. हौस म्हणून फोटो काढतोय. भिंतीचा."

"हौस म्हनून कोनी भितीचा फोटू काढते का?" हे मला नव्हतं, शेजारणीला होतं. शेजारीण आली. तिच्यामागून तिचा नातू, नातवामागून बकरी. मी खिडकीचा निळा आयत, त्याखालची गेरूची पट्टी, त्यातलं संतुलन असं काहीबाही सांगितलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग आत वळून हाक मारली, "अवं, या बरं सगळे! घराचा फोटू काढून राह्यले."

पाच मिनिटांत पिवळा रंग दिसेनासा झाला. त्याच्यापुढं तीन पिढ्या उभ्या होत्या. आजोबांना खुर्ची आली. लहान सुनेनं साडी बदलली. गेरूच्या पट्ट्यापुढं पोरं उकिडवी बसली आणि निळ्या आयताच्या बरोबर मध्ये मोठे चिरंजीव गॉगल लावून उभे राहिले. मी म्हटलं, मला फक्त भिंत हवी होती. काकूंचा चेहरा पडला. "घराचा काढता अन् घरच्याइले सोडता? आमी का मेलो काय?"

या प्रश्नाला भौमितिक अमूर्तकलेकडे उत्तर नाही. त्या कलेची सगळी करामत वगळण्यात आहे. झाड वगळा, चेहरा वगळा, मग झाडाचा आणि चेहऱ्याचा भास वगळा, शेवटी रेघ आणि रंग उरतात. वऱ्हाडात कुणाला वगळणं म्हणजे दहा वर्षांचं भांडण. आमची लग्नपत्रिका पाहा: निमंत्रक, विनीत, स्वागतोत्सुक, समस्त अमुक परिवार, मामा, मावसे, आणि शेवटच्या कोपऱ्यात, अक्षर वाचता येणार नाही इतक्या बारीक टायपात, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चौदा चिमुकली. जागा उरली तर मागच्या पानावर देव. रिकामी जागा सोडणं हा मोंद्रियानच्या लेखी तोल, आमच्याकडे चुकीचं नियोजन. मला विचाराल तर पत्रिकेच्या मांडणीत काकूंची बाजू बरोबर आहे आणि भिंतीच्या बाबतीत माझी. पण भिंत काकूंची होती.

तेव्हापासून मी माणसं कमी असतील अशा जागा शोधतो. अचलपूरजवळ हौजकटोरा आहे, तलावाच्या मधोमध अष्टकोनी मनोरा, कमानींवर कमानी. भूमितीच्या मास्तरांनी वर्ग भरवावा असा. अकोट तालुक्यात नरनाळ्याचा महाकाली दरवाजा आहे, १४८७ सालचा, त्याच्यावरची नक्षी एकट्यानं बघत बसावी. ऐन दुपारी दोन्हीकडे शांतता असते. असते म्हणजे, आपण तिपाई उघडेपर्यंत असते. मग झाडामागून कुणीतरी येतं आणि विचारतं, "कोन्या गावचे?" गाव सांगितलं की त्या गावातला त्याचा पाहुणा निघतो.

अकोल्यातल्या एका जिनिंगमध्ये साडभाऊंच्या ओळखीनं शिरलो. टिनाचं भलंमोठं शेड, पन्हाळीदार पत्र्याच्या सरळ रेघा आणि रेघांच्या सावल्यांच्या आणखी रेघा, खाली एकशेसत्तर किलोच्या गठाणी एकावर एक रचलेल्या, पांढऱ्या आयतांचं जाळं. इतकं नीटनेटकं चित्र मी वऱ्हाडात दुसरं पाहिलं नाही. चौकीदारानं स्क्रीनवर फोटो बघितला आणि पहिल्यांदा कुणीतरी 'मानूस कुठी हाय' असं विचारलं नाही. त्यानं विचारलं, "भाव काय चालू हाय हो?"

सगळ्यात निर्वेध रेघ सापडली ती दोन शहरांच्या मध्ये. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात, एकेरी पदराच्या हिशोबानं ७५ किलोमीटर डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घातला आणि गिनीज बुकात नाव गेलं. जिथं नळाच्या पाइपासाठी खणलेली नाली तीन पावसाळे बघते तिथं पाच दिवसांत ही काळी रेघ! नसरीन मोहमदींनी रस्त्यावरच्या पट्ट्यांचे फोटो काढले होते. हा पट्टा त्यांना दाखवायला हवा होता. मी पुलावर उभा राहून तो काढला. काळं, मधून पांढरं, बाजूला कापूस निघून गेलेल्या वावरांचं तपकिरी. एकही माणूस नाही. एक मोटारसायकल आली, तीही थांबली. मागं बसलेल्यानं विचारलं, "गाडी बंद पडली का भाऊ? सोडू का बोरगावलोक?"

काकूंच्या भिंतीचा फोटो मला शेवटी मिळाला. सगळे चहाला आत गेले तेव्हा मी दोन मिनिटांत तो उरकला: गेरू, पिवळा, निळा आयत, काही नाही, कुणी नाही. छापून घ्यायला फ्लेक्सच्या दुकानात दिला. दुकानातल्या पोरानं तो बराच वेळ बघितला. म्हणाला, "सर, बॅकग्राउंड मस्त आहे. मी ठेवून घेऊ का?" माझ्यातला कलावंत सुखावला आणि मी हो म्हणालो.

महिन्याभरात तो चौकात लागला. वीस बाय दहा. मधल्या निळ्या आयतात मोबाइल कानाला लावलेले, गॉगलवाले भाऊ, वर 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा', गेरूच्या पट्ट्यावर शुभेच्छुकांचे गोल चेहरे ओळीनं, आणि पिवळ्यावर, तोल सांभाळायला म्हणून असावं, दोन सिंह. मी साडभाऊंना मुद्दाम अकोल्याहून बोलावून दाखवला. त्यांनी खालून वर, वरून खाली, बांबूच्या चौकटीसकट नीट तपासला.

"चांगला हाय," म्हणाले. "लेव्हलमध्ये हाय. खाली उजव्या कोपऱ्यात दोन चेहऱ्याइची जागा सुटली हाय फक्त. त्या पोराले सांगा नं, तुमचा अन् माहा लावून देईन."